हॅकिंटॉशवर ध्वनिमुद्रण करताना आवाज का तुटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात, दहा बाय बाराच्या खोलीत, मी स्वतः जुळवलेल्या हॅकिंटॉशवर (म्हणजे ॲपलची मॅकओएस ही प्रणाली चालवणाऱ्या, पण ॲपलने न बनवलेल्या संगणकावर) ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. अभंग, भावगीते, नाटकांचे पार्श्वसंगीत, बोलकी पुस्तके आणि आषाढ लागला की एकदम गर्दी करणाऱ्या गणपतीच्या आरत्या, असे या कामाचे स्वरूप आहे. कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इकडच्या वादकांकडून आणि घरगुती स्टुडिओ चालवणाऱ्यांकडून येणारे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, एवढ्यासाठी हे पान तयार केले आहे. माझे यंत्र इंटेलच्या दहाव्या पिढीचे असून ते ओपनकोअरवर, म्हणजे अशा संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते, त्यामुळे उत्तरांचा कल त्या बाजूला झुकलेला असणार, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रोसेसरचा वापर जेमतेम तीस टक्के दिसतो, तरीही आवाज तडतडतो. हे कसे शक्य आहे?

अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये दिसणारा आकडा सरासरीचा असतो आणि ध्वनीच्या कामाला सरासरीशी काही देणेघेणे नसते. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे (सॅम्पल) असताना, बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, ६४ सॅम्पलचा ठेवला, तर पुढचा तुकडा तयार करायला संगणकाला १.३३ मिलिसेकंद मिळतात. १२८ ला २.६७, २५६ ला ५.३३ आणि १०२४ ला सुमारे २१.३ मिलिसेकंद. या मुदतीत तुकडा तयार झाला नाही की कानाला टक्‌ असा आवाज येतो, मग उरलेला संपूर्ण सेकंद प्रोसेसर रिकामा बसलेला का असेना. तबलजीच्या हातात कितीही तयारी असली तरी सम चुकली की ती चुकलीच, तसा हा प्रकार आहे. हॅकिंटॉशमध्ये ताकद सहसा भरपूर असते. बिघाड असतो तो कुणीतरी मध्येच दोन-तीन मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरण्याचा. हा ‘कुणीतरी’ म्हणजे वायफायचे कार्ड, युएसबीचा चुकीचा नकाशा, तापलेला प्रोसेसर किंवा आपण स्वतः निवडून ठेवलेला एखादा ट्रॅक असू शकतो. म्हणून ‘रॅम वाढवू का?’ हा प्रश्न पहिला विचारू नये.

तपासाची सुरुवात कुठून करावी?

तानपुऱ्यापासून. हे गमतीने म्हटलेले नाही. ढोल-ताशाच्या ट्रॅकमध्ये बारीक तडतड सहज लपून जाते, पण तानपुऱ्याच्या अखंड सुरात एक सॅम्पल जरी गळाला तरी तो खड्यासारखा बोचतो. दहा मिनिटांचा तानपुरा किंवा साधा ४४० हर्ट्झचा स्वर एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकावा, एकही प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर) लावू नये, बफर १२८ ठेवावा आणि हेडफोन लावून ऐकावे. इथेच तडतड आली तर दोष यंत्रणेत, म्हणजे बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर), ओपनकोअरची मांडणी, केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) किंवा युएसबी यांच्यात आहे. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सूर स्वच्छ राहिला आणि गाण्याच्या प्रोजेक्टमध्येच बिघडला, तर दोष प्लगिनमध्ये किंवा प्रोजेक्टच्या रचनेत शोधावा.

यानंतर तोच इंटरफेस (मायक्रोफोन व हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण), तीच केबल आणि तेच सॉकेट वापरून दुसऱ्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये हीच चाचणी घ्यावी. तिथेही आवाज तुटत असेल तर मॅकओएसला दोष देण्यात अर्थ नाही; केबल, सॉकेट किंवा खुद्द इंटरफेस पाहावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत तारखेसह टिपून ठेवावी. एका रात्रीत चार केक्स्ट आणि सहा बायोस सेटिंग्ज बदलून ‘आता बरे वाटते’ असे सांगणारे लोक पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात.

बफर नेमका किती ठेवावा?

मुद्रण करताना ६४ किंवा १२८ आणि मिक्सिंग करताना ५१२ किंवा १०२४. गायकाला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, म्हणजे संगणकात न नेता थेट, ऐकवत असाल, तर मुद्रणालाही मोठा बफर चालतो, आणि बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो. लेटन्सीचा, म्हणजे आवाज कानापर्यंत यायला लागणाऱ्या उशिराचा, बाऊ फार केला जातो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साथीदार साडेतीन मीटरवर बसल्यासारखा आहे. बैठकीत एवढे अंतर कुणाला खटकत नाही. मात्र गायकाला स्वतःचाच आवाज कानात उशिरा आला तर तो फार लवकर खटकतो, हेही तितकेच खरे.

लॉजिक प्रो या ॲपलच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा ट्रॅकवरच ‘सिस्टम ओव्हरलोड’ असा संदेश येतो. यंत्र कमी पडते आहे का?

बहुधा नाही. लॉजिकमध्ये जो ट्रॅक निवडलेला किंवा रेकॉर्डसाठी तयार ठेवलेला असतो, तो ‘जिवंत’ मानला जातो. त्याचे सगळे काम लहान बफरवर आणि मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणिती विभागावर) होते. हा ट्रॅक ज्या बसमधून, म्हणजे सामाईक वाहिनीतून, पुढे जातो, त्या बसवरचे जड प्लगिनही त्याच कोअरच्या माथी येतात. बाकीच्या ट्रॅकना प्रोसेस बफरची, म्हणजे मोठा तुकडा आधीच तयार करून ठेवण्याची, सवलत मिळते, कारण त्यांचे पुढचे सूर आधीच ठाऊक असतात.

एका अभंगाच्या वेळी मी यात पुरता फसलो होतो. ट्रॅक अवघे अकरा, त्यांतला एक सॅम्पल हार्मोनियमचा, आणि दुसऱ्या अंतऱ्याला हमखास गाडी थांबायची. परफॉर्मन्स मीटर उघडून पाहिला तेव्हा बाकीच्या पट्ट्या तळाशी झोपलेल्या आणि अगदी शेवटची एकच पट्टी लाल होऊन माथ्याला टेकलेली दिसली. हार्मोनियमचा ट्रॅक निवडलेल्या अवस्थेत होता आणि त्याच्या बसवर कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (जागेची घुमक देणारा जड प्लगिन) होता. मी एक रिकामा ऑडिओ ट्रॅक तयार करून तो निवडला, आणि ती पट्टी क्षणात खाली आली. तोवर नवा प्रोसेसर घेण्यासाठी दोन दुकानांतून भाव विचारून झाले होते, हे कबूल केलेले बरे.

याशिवाय लॉजिकच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये मल्टिथ्रेडिंगसाठी ‘प्लेबॅक अँड लाइव्ह ट्रॅक्स’ हा पर्याय निवडून पाहावा, प्रोसेस बफर रेंज ‘लार्ज’ ठेवावी आणि वाजवून पूर्ण झालेले सॉफ्टवेअर वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे तयार ध्वनीत बदलून ठेवावेत.

प्रोसेसरची गती वाढतच नाही. ती मूळ आकड्यावर अडकून राहते. काय करावे?

आय-सेव्हन १०७०० या प्रोसेसरची मूळ गती २.९ गिगाहर्ट्झ आणि टर्बो गती ४.८ गिगाहर्ट्झपर्यंत आहे. तो २.९ वरच अडकला तर आपण यंत्राची जेमतेम साठ टक्के गती वापरत आहोत, आणि बाकी सगळे सुरळीत चालत असल्यामुळे हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. मॅकओएस गतीचे नियोजन एसएमबायोसमध्ये (यंत्राची ओळख सांगणाऱ्या माहितीत) सांगितलेल्या मॅकच्या मॉडेलवरून ठरवते, म्हणून ते मॉडेल प्रोसेसरच्या पिढीशी जुळणारे असावे. दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-सेव्हनसाठी आयमॅक २०,१ आणि आय-नाइनसाठी आयमॅक २०,२ ही नेहमीची निवड आहे. कुणाच्या तरी तयार ईएफआय फोल्डरमधून (ओपनकोअर आणि त्याची मांडणी असलेल्या फोल्डरमधून) उचललेले जुने मॉडेल तसेच राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे बायोसमधील सीएफजी लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-नियंत्रणाची नोंद बदलू न देणारे कुलूप. तो बंद करण्याची सोय असेल तर तिथेच बंद करावा. ओपनकोअरमधला त्यासाठीचा क्वर्क (अडचण टाळणारे खास सेटिंग) ही तात्पुरती सोय समजावी. त्याच फेरीत रॅमला तिच्या जाहीर गतीवर चालवणारे एक्सएमपी प्रोफाइल सुरू आहे ना, हेही पाहून घ्यावे. ३२०० मेगाहर्ट्झची रॅम विकत घेऊन ती २१३३ वर चालवणारे कमी नाहीत.

गाणे सुरुवातीचे अर्धे मिनिट उत्तम चालते आणि मग तडतड सुरू होते. याचे कारण काय असू शकते?

या लक्षणाचे वर्णन इतके नेमके आहे की निदान जवळजवळ त्यातच आहे. ६५ वॅटच्या इंटेल प्रोसेसरांना थोडा वेळ त्याहून बरीच जास्त वीज खाण्याची मुभा असते आणि ती मुदत साधारण अर्ध्या मिनिटाची असते. मुदत संपली की मदरबोर्ड त्यांना पुन्हा ६५ वॅटवर आणून बसवतो, गती उतरते आणि काठावर चाललेले प्रोजेक्ट कोलमडते. बायोसमध्ये दीर्घ मुदतीची वीजमर्यादा वाढवता येते, परंतु त्याआधी कूलर त्या उष्णतेला पुरेल का आणि मदरबोर्डच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

ठाण्यातला मे महिना हा या प्रश्नातला स्वतंत्र घटक आहे. मुद्रणाच्या वेळी खिडक्या बंद, पंखा बंद आणि आवाज येतो म्हणून एसीही बंद, अशा खोलीत तासाभरात हवा छत्तीस अंशांपर्यंत जाते. हिवाळ्यात निर्दोष चाललेले प्रोजेक्ट उन्हाळ्यात तुटू लागले तर सॉफ्टवेअरमध्ये शोध घेण्याआधी कॅबिनेटची जाळी उघडून पाहावी. घोडबंदर रस्त्यावर वाहनांची आणि बांधकामांची धूळ इतकी आहे की माझ्या कूलरच्या पात्यांमध्ये तीन महिन्यांत राखाडी गालिचा तयार होतो. ब्लोअरने धूळ काढणे आणि दोन वर्षांतून एकदा थर्मल पेस्ट बदलणे एवढ्याने तापमान दहा-बारा अंशांनी उतरल्याचे मी स्वतः मोजले आहे.

सगळ्या सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था) बंद कराव्यात, असा सल्ला मिळतो. तो योग्य आहे का?

चाचणीपुरता. त्याने प्रोसेसर झोपेतून जागा होण्याचा उशीर वाचतो, परंतु उष्णता वाढते, आणि इतर कोअर झोपलेले असतील तेव्हाच एका कोअरला मिळणारी सर्वोच्च टर्बो गतीही हातची जाते. फरक स्पष्ट ऐकू आला नाही तर सेटिंग पूर्ववत करावे.

युएसबी इंटरफेस मध्येच नाहीसा होतो किंवा आवाज तुटतो. कोणते सॉकेट वापरावे?

हॅकिंटॉशच्या ध्वनिविषयक तक्रारींतला सर्वांत मोठा वाटा, निदान माझ्याकडे येणाऱ्यांपैकी, याच प्रश्नाचा असतो. मॅकओएस एका युएसबी नियंत्रकावर पंधराच पोर्ट मानते, आणि प्रत्येक निळे सॉकेट त्याच्या हिशेबी दोन पोर्टचे असते: एक युएसबी २ चे आणि एक युएसबी ३ चे. आजच्या मदरबोर्डवर ही बेरीज सहज वीस-पंचवीसवर जाते. पूर्वी लोक ओपनकोअरमधील पोर्टमर्यादा उठवणारा क्वर्क लावून मोकळे होत, पण मॅकओएस ११.३ पासून तो मार्ग विश्वासार्ह राहिलेला नाही. म्हणून आपल्या बोर्डचा पोर्ट-नकाशा स्वतः तयार करणे अनिवार्य आहे. युएसबीटूलबॉक्ससारखे साधन विंडोजमधून चालवावे, एकेका सॉकेटमध्ये पेन ड्राइव्ह घालून कोणते सॉकेट कोणत्या क्रमांकाचे हे कागदावर लिहावे, नको असलेले पोर्ट वगळावेत आणि त्यातून तयार झालेला केक्स्ट ओपनकोअरमध्ये ठेवावा. कंटाळवाणे काम आहे, पण एका दुपारचे आहे.

इंटरफेस नेहमी मदरबोर्डच्या मागच्या बाजूच्या सॉकेटमध्ये, मधे हब न घालता लावावा. फोकसराइट स्कार्लेटसारखे बहुतेक छोटे इंटरफेस युएसबी २ वरच चालतात, त्यामुळे निळ्या सॉकेटने त्यांना अधिक गती मिळेल ही समजूत चुकीची आहे.

एक प्रसंग सांगतो. वाशीहून आलेले एक पखवाजवादक तालमीत अर्धा तास वाजवत होते आणि एकही तडा नव्हता. टेक सुरू झाला की मात्र दर थोड्या वेळाने टक्‌. तिसऱ्या टेकला माझे लक्ष कॅबिनेटकडे गेले. त्यांनी आपला फोन चार्जिंगसाठी पुढच्या सॉकेटला लावला होता, आणि फोनचा पडदा उजळला की त्याच क्षणी हेडफोनमध्ये टक्‌ होत होते. इंटरफेसही तेव्हा मी आळसाने पुढेच लावलेला होता आणि दोन्ही सॉकेट आतून एकाच वायरवर होती. फोन काढला, इंटरफेस मागे लावला, पुढचा टेक स्वच्छ. तेव्हापासून खोलीत भिंतीवर वेगळा चार्जर आहे.

वायफाय बंद केल्यावर तडतड थांबते. मग वायफाय वापरूच नये का?

मुद्रणाच्या वेळी वापरू नये. मुळात मॅकओएससाठी न बनलेल्या कार्डांचे ड्रायव्हर प्रोसेसरला मधूनमधून रोखून धरतात. ब्रॉडकॉमची जुनी, एकेकाळी आदर्श मानली जाणारी कार्डेही मॅकओएसच्या सोनोमा आवृत्तीपासून मूळ आधार गमावून बसली आहेत. इंटरनेटसाठी केबल वापरावी. ब्लूटूथ हेडफोनवर मिक्सिंग करण्याविषयी विचारणाऱ्यांना मी चहा देतो आणि विषय बदलतो.

प्लगिनची खिडकी उघडली किंवा पान सरकवले की आवाज तुटतो. ग्राफिक्सचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. ग्राफिक्स कार्डाला मॅकओएसचा आधार नसेल तर पडद्यावरचे सगळे चित्र प्रोसेसर काढतो, आणि हलणाऱ्या काट्यांचे मीटर व स्पेक्ट्रम दाखवणारे प्लगिन त्याला दमवतात. डॉक (पडद्याच्या कडेची चिन्हांची पट्टी) पारदर्शक दिसत नसेल आणि खिडकी ओढताना मागे रेघ उमटत असेल तर हेच झाले आहे असे समजावे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेचे ड्रायव्हर मॅकओएस हाय सिएरापर्यंतच होते, आणि एएमडीच्या आरएक्स ७००० मालिकेला आधार मिळालेलाच नाही. आरएक्स ५८० किंवा आरएक्स ६६०० या कामाला पुरेशी आहेत.

बाराव्या पिढीचा इंटेल किंवा एएमडीचा रायझन प्रोसेसर आहे. त्याचे काही वेगळे प्रश्न आहेत का?

बाराव्या पिढीपासून इंटेलने मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र बसवले, परंतु असा प्रोसेसर ॲपलने कोणत्याही मॅकमध्ये वापरला नाही. त्यामुळे मॅकओएसला त्यांच्यातला फरक कळत नाही आणि जिवंत ट्रॅकचे काम छोट्या कोअरवर जाऊन पडू शकते. सरासरी चाचण्यांत यंत्र जोरदार दिसते आणि गाण्यात मात्र अडखळते. बायोसमधून छोटे कोअर बंद करून तानपुऱ्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

रायझनवर पाहण्याची गोष्ट म्हणजे टीएससी, म्हणजे प्रत्येक कोअरचे स्वतःचे घड्याळ. ही घड्याळे एकमेकांशी जुळली नाहीत तर आवाज फाटतो आणि सगळे यंत्रच जड झाल्यासारखे वाटते, विशेषतः झोपेतून उठल्यावर. घड्याळे जुळवणारे केक्स्ट त्यासाठी उपलब्ध आहेत. इंटेलच्या एक्स ९९ आणि एक्स २९९ बोर्डांवरही हा दोष आढळतो. शिवाय इंटेलच्या गणिती लायब्ररीवर अवलंबून असलेले काही प्लगिन रायझनवर उघडताच बंद पडतात, याची खरेदीआधी चाचणी घ्यावी.

मुद्रित गाणे ऐकताना पट्टी चढलेली वाटते. हा यंत्राचा दोष आहे का?

नाही, सॅम्पल रेटचा घोळ आहे. प्रोजेक्ट ४४.१ चे आणि इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर अडकलेला असेल तर स्वर सुमारे दीड अर्धस्वराने वर जातो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळते आणि हार्मोनियमवाले हताश होतात. मॅकओएसमधील ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दोन्ही आकडे एकच करावेत.

दोन इंटरफेस जोडून अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस केले असेल तर दुसऱ्या उपकरणासाठी ड्रिफ्ट करेक्शन सुरू करावे. दोन घड्याळांमध्ये दहा लाखांत वीस इतका किरकोळ फरक असला, तरी ४८ किलोहर्ट्झला दर सेकंदाला जवळपास एक सॅम्पल मागेपुढे होतो.

माऊस हलवला की स्पीकरमधून कुईंकुईं आवाज येतो आणि सतत एक घुमणारा सूरही असतो. हे दोन्ही एकच का?

नाहीत. माऊसबरोबर बदलणारा बारीक आवाज ग्राफिक्स कार्ड व एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्याचा) असतो आणि तो युएसबीच्या ग्राउंडमधून इंटरफेसपर्यंत पोहोचतो. सतत घुमणारा सूर ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो आणि तो घरातल्या वीजजोडणीकडून येतो. दोन्हींवर पहिला उपाय सारखाच आहे: संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरचा गोंगाट रोखणारी तीन जोडण्यांची केबल) टाकावी. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचे सॉकेट असते पण अर्थिंगची वायर आत कुठेच जोडलेली नसते, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आवाज जातो म्हणून अर्थची पिन कापून टाकण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. मायक्रोफोनला ओठ लावून उभ्या असलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे.

एसएमबायोस बदलल्यावर प्लगिनचे परवाने गेले. परत कसे मिळवावेत?

यंत्राशी बांधलेले परवाने अनुक्रमांक बदलताच आपण नवे यंत्र घेतले असे समजतात. बदल करण्याआधी प्रत्येक परवाना निष्क्रिय करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. आयलॉकचा युएसबी डोंगल (परवाने साठवणारी किल्ली) वापरला तर ही धावपळ टळते.

मॅकओएस टाहोवर जावे का?

इंटेल मॅकसाठी टाहो २६ ही शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. टाहोमधून ॲपलएचडीए हा अंगभूत ध्वनीचा ड्रायव्हर काढून टाकला असल्याने मदरबोर्डवरचे साउंड सॉकेट ॲपलएएलसी हा केक्स्ट लावूनही नेहमीच्या पद्धतीने चालत नाही; युएसबी इंटरफेसला त्याची झळ नाही. ज्या यंत्रावर पोटाचे काम चालते आणि जे आज नीट चालते, त्यावर सणांच्या तोंडावर आवृत्ती बदलू नये. बदलायचेच असेल तर वेगळ्या एसएसडीवर आणि ईएफआय फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवूनच.

आज नवे हॅकिंटॉश बांधण्यात अर्थ आहे का, आणि ते कायदेशीर आहे का?

ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस केवळ ॲपलच्याच संगणकांवर चालवण्याची मुभा आहे; हॅकिंटॉश त्यात बसत नाही, हे समजून उमजूनच यात पडावे. नव्याने बांधण्याचा सल्ला मी आता देत नाही. लॉजिक प्रोमधील स्टेम स्प्लिटर (मिश्र गाण्यातून आवाज व वाद्ये वेगळी करणारे साधन) आणि क्रोमाग्लोसारख्या सोयींना ॲपल सिलिकॉनच, म्हणजे ॲपलचे स्वतःचे प्रोसेसरच, लागतात, आणि साध्या मॅक मिनीच्या किमतीत बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड जुळवणे अवघडच आहे. हातात असलेले यंत्र मात्र भंगारात काढण्याची घाई करू नये.

यंत्र घेऊन आपल्याकडे आले तर चालेल का?

चालेल, पण आधी तानपुऱ्याची चाचणी करून यावे आणि बोर्डचे मॉडेल, प्रोसेसर, मॅकओएसची आवृत्ती, इंटरफेस व बफरचा आकडा कागदावर लिहून आणावा. निम्म्या लोकांचा प्रश्न तो कागद लिहितानाच सुटतो. वाशी-ठाणे लोकलमध्ये संध्याकाळी सहानंतर टॉवर कॅबिनेट घेऊन चढण्याचा प्रयत्न करू नये. एका गृहस्थांनी तो केला होता, आणि ठाण्याला उतरेपर्यंत त्यांचे ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून निखळले होते.